सल्ला आणि अमानत

गेल्या ईदच्या आठ-दहा दिवस आधी साताऱ्यात अस्रची नमाज आटोपून मी उठत होतो, तेव्हा एक परिचित गृहस्थ जवळ येऊन बसले. किराणा मालाचे दुकान चालवणारा, मोजके बोलणारा माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "मौलाना, एक मसला आहे. लहान आहे, पण मनातून जात नाही."

मसला असा. त्यांची मुलगी महाविद्यालयात शिकते. ईदचे कापड घ्यायला ती आईबरोबर बाजारात गेली. दोन कापडे पसंतीस उतरली, एक राखाडी आणि एक गर्द हिरवे. मुलीने दोन्हींचे फोटो मोबाइलवरून मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवले. या मैत्रिणींपैकी निम्म्याजणी तिने कधी प्रत्यक्ष पाहिलेल्याही नाहीत. एक हैदराबादची, एक भिवंडीची, एक तर मलेशियात राहणारी. दहा मिनिटांत अकरा उत्तरे आली. आठजणींनी राखाडी म्हटले, म्हणून राखाडी घेतले गेले. आई शेजारी पिशवी धरून उभी होती.

"कपड्यात काही गैर नाही," ते म्हणाले, "पण आई जवळ उभी असताना परक्यांना विचारायचे, हे जायज आहे का?"

मी विचारले, "मुलीच्या अम्मीचे काय म्हणणे आहे?"

ते जरा थांबले. "ती म्हणते, मला विचारले असते तर मी दोन्ही नको म्हटले असते, हे पोरीला ठाऊक आहे."

जायज-नाजायजचे उत्तर सोपे होते, ते मी त्यांना तिथेच दिले: यात गुनाह नाही. परंतु आईचे ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले. तेव्हापासून मी पाहतो आहे, विचारतो आहे. आपल्या घरांतली तरुण मुले-मुली केस कसे कापावेत, दाढी कशी राखावी, वलीम्याला शेरवानी घालावी की सूट, हे सारे मोबाइलमधल्या मित्रांना विचारतात. तेच मित्र पुढे विज्ञान शाखा की वाणिज्य, पुण्याची नोकरी घ्यावी की इथेच राहावे, आलेल्या स्थळाला होकार द्यावा की नकार, सासूला उलट उत्तर द्यावे की गप्प बसावे, हेही सांगतात. प्रश्नाचे वजन वाढत जाते, विचारण्याची रीत मात्र राखाडी-हिरव्याचीच राहते. खरा मसला इथे आहे.

मराठीत आपण 'सल्लामसलत' म्हणतो. या जोडशब्दाचे दोन्ही भाग अरबीतून आले आहेत आणि दोघांचा धातू एकच आहे. त्याचा अर्थ भले होणे, बिघडलेले नीट होणे. 'मशवरा' आणि 'शूरा' यांचा धातू निराळा. अरबी कोशकार त्याचे नाते पोळ्यातून मध काढण्याशी जोडतात. म्हणजे आपल्या भाषेनेच अट घालून ठेवली आहे की ज्यात समोरच्याचे भले नाही ती मसलत नव्हे. आणि मध हवा असेल तर पोळ्यापर्यंत जावे लागते.

विचारणे ही कमीपणाची गोष्ट आहे, असे दीनने कधीच मानले नाही. दिव्य कुरआनच्या बेचाळिसाव्या सूरहचे नावच 'अश्-शूरा' आहे. तिच्या 38 व्या आयतीत श्रद्धावंतांची ओळख सांगताना परस्परांच्या मशवऱ्याने व्यवहार चालवण्याचा उल्लेख येतो, आणि तो नमाज व अल्लाहच्या मार्गातील खर्च यांच्या मधोमध येतो. कोणी म्हणेल, हा राज्यकारभाराचा विषय, कापडाच्या दुकानात त्याचे काय काम? त्यांनी सूरह अल-बकराची 233 वी आयत काढून पाहावी. तान्ह्या बाळाचे दूध दोन वर्षांच्या आधी तोडायचे असेल, तर आईबापांनी परस्परांच्या संमतीने आणि मशवऱ्याने तोडावे, असे तिथे सांगितले आहे. आणि ही आयत कुठे आहे? तलाकच्या आदेशांच्या ओघात. ज्यांचे संसार मोडले त्यांनीही बाळाच्या दुधासाठी एकमेकांना विचारायचे आहे. याहून घरगुती निर्णय कोणता असेल? तेव्हा लहान गोष्टींत विचारू नये, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पोशाखाच्या आवडीबद्दलही मनात संकोच नको. आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे वाटणे हा अहंकार आहे काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे असे सांगून, सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे यालाच अहंकार ठरवले. सातर आणि लाज राखली गेली की राखाडी की हिरवे, हा दीनचा प्रश्न उरत नाही.

प्रश्न उरतो तो सांगणाऱ्याचा.

तिर्मिजींच्या संग्रहात अबुल हैसम (रजि.) या अन्सारी सहाबींची हकीकत आहे. प्रेषितांनी त्यांना दोन गुलामांपैकी एक निवडायला सांगितले. ते म्हणाले, आपणच माझ्यासाठी निवडा. गोष्ट साधी होती; बोट दाखवले असते तरी चालले असते. परंतु प्रेषितांनी आधी एक तत्त्व सांगितले, की ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, तो अमानतदार ठरतो. आणि मग एकाकडे निर्देश करून कारणही दिले, की मी याला नमाज पढताना पाहिले आहे. मी पाहिले आहे, हे त्यातले महत्त्वाचे. पाहिल्याशिवाय निवड नाही, आणि कारणाशिवाय सल्ला नाही. मोबाइलवर अंगठा दाबून 'राखाडी' सांगणाऱ्या आठजणींनी काय पाहिले होते? कापडाचा फोटो. ते अंगावर कसे दिसेल, उन्हाळ्यात सोसेल का, घरच्या मिळकतीला परवडेल का, यातले काहीच त्यांच्यासमोर नव्हते.

अर्थात दुरून दिलेला प्रत्येक सल्ला पोकळ असतो, असेही नाही. हे मला सांगलीकडच्या एका द्राक्षबागायतदाराने शिकवले. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की बागायतदारांची झोप उडते. पानावर डाऊनीचा डाग दिसला की फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो: कोणते औषध मारू? हे गृहस्थ म्हणाले, "मौलाना, उत्तरं दोन प्रकारची येतात. एकजण फोटो बघतो आणि औषधाचं नाव टाकतो. दुसरा फोटो बघतो आणि विचारतो, छाटणीला किती दिवस झाले? घड कोणत्या अवस्थेत आहे? काल पाऊस होता की नुसतं धुकं? आधी काय मारलंय? माल बाहेर पाठवायचा आहे की बेदाण्याला? मी पहिल्याचं औषध कधी मारत नाही. दुसऱ्याला मात्र फोन लावतो, मग तो नाशिकचा का असेना." म्हणजे माणूस दूर आहे की जवळ, हा त्यांचा निकष नव्हता. उत्तराआधी प्रश्न येतो की नाही, हा होता.

त्यांचे बोलणे ऐकताना मला मदीनेतील खजुरांची हकीकत आठवली. तिथले लोक नराचा फुलोरा मादी झाडावर लावून फलन घडवीत. प्रेषितांनी ते पाहिले आणि हे न केले तरी चालेल असे वाटते, असे म्हटले. लोकांनी ते सोडले, पीक घटले. तेव्हा प्रेषितांनी, दुनियेच्या अशा कामांतले तुम्हालाच अधिक कळते, असे स्पष्ट केले. ज्यांच्या शब्दाखातर लोक जीव देत होते त्यांनी आपल्या मताची मर्यादा चारचौघांत सांगितली. आमच्यापैकी किती जणांना, मी माझ्यासारख्या मौलवींनाही धरतो, 'यातले मला कळत नाही' हे वाक्य उच्चारता येते?

मला तरी एकदा आले नव्हते.

काही वर्षांपूर्वीचा रमजान. मी एसटीने साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. कराडच्या पुढे मोबाइलवर जमाअतच्या ग्रुपमधला एक प्रश्न दिसला: मधुमेह असलेल्याने रोजा ठेवावा का? मी लिहिले, "सहन होत असेल तर ठेवावा. आजाऱ्याला सवलत आहे." मोबाइल खिशात टाकला आणि खिडकीला डोके टेकून झोपलो. मसल्याच्या दृष्टीने उत्तरात चूक दाखवता येणार नाही. विचारणाऱ्याची आई दिवसातून दोनदा इन्सुलिन घेत होती, हे मात्र मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. रोजा सुटू नये म्हणून ती बाई आधीच व्याकूळ होती. मुलाने मोबाइलवरचे उत्तर मोठ्याने वाचले. तिने पहिले वाक्य ऐकले आणि दुसऱ्याची वाट पाहिली नाही. तिसऱ्या रोजाला दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. मिरजेला रुग्णालयात न्यावे लागले. अल्लाहने वाचवले. ईदनंतर मुलगा भेटला तेव्हा त्याने मला दोष दिला नाही. उलट, "मौलाना, तुम्ही लगेच उत्तर दिलं होतं," म्हणून आभार मानले. त्या आभारांइतके मला दुसरे काही लागलेले नाही.

याच विषयावरची हदीस मी मुलांना कितीतरी वेळा शिकवली होती. अबू दाऊदच्या संग्रहात ती आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याच्यावर गुस्ल वाजिब झाले. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी उपलब्ध आहे, तेव्हा तुला सवलत दिसत नाही. त्याने आंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या मृत्यूचा दोष उत्तर देणाऱ्यांवर ठेवला. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारायला हवे होते, अज्ञानावरचा इलाज विचारणे हाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ते सोबती वाईट माणसे नव्हती. जखमीबरोबर चालत होते, एकाच दस्तरखानावर जेवत होते, हेतूही शुद्ध होता. एवढे असूनही ते निर्दोष ठरले नाहीत. मग ज्याने जखम पाहिलेली नाही आणि परिणाम पाहायला जो तिथे असणारही नाही, त्याचे काय?

परिणामाशी बांधलेला सल्लागार कसा असतो, हे सांगलीकरांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये पाहिले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली. नदीकाठच्या एका वस्तीतले माझे नातेवाईक त्या रात्री घर सोडावे की नाही, हे मोबाइलवर विचारत बसले होते. मुंबईहून, पुण्याहून, दुबईहूनही धीर देणारी उत्तरे येत होती: 2005 च्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी आले नव्हते, घाबरू नका. सगळ्यांची माया खरी होती. त्याच वेळी शेजारचा एक तरुण दारात आला, काही न विचारता वृद्ध नानींना पाठीवर घेतले आणि म्हणाला, "मी निघालोय, तुम्हीही चला." पहाटे त्या घराचा उंबरा पाण्याखाली गेला होता. दुबईच्या माणसाने कळवळूनच लिहिले होते. पण पाणी वाढले असते तर तो भिजणार नव्हता.

हे सारे एका मजलिसमध्ये बोललो तेव्हा मला वाटले होते, मी मुद्दा पुरता मांडला. सभेनंतर जत तालुक्यातून आलेली एक बाई पडद्याआडून बोलली. तलाक होऊन माहेरी राहणारी. म्हणाली, "मौलाना, माझ्या गावात मी कोणाला विचारू? भावाला विचारलं तर भाभीला कळतं, भाभीला विचारलं तर गावाला. मोबाइलवरच्या एका ओळखीच्या बाईने मला कागदपत्रं कशी काढायची, शिवणाचं काम कसं मिळवायचं, हे शिकवलं. मी तिला अजून पाहिलेलं नाही. ती माझ्या बहिणीपेक्षा जास्त आहे." मी निरुत्तर झालो. तिच्या त्या न पाहिलेल्या मैत्रिणीने द्राक्षवाल्याच्या दुसऱ्या माणसासारखे केले होते: आधी विचारले, समजून घेतले, मग सांगितले, आणि सांगितल्यावर सोडून दिले नाही. अमानत तिने सांभाळली. अशा माणसाला परके म्हणणे हा अन्याय होईल.

त्या बाईच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, गुप्ततेची. हदीसमध्ये आले आहे की कोणी बोलताना इकडेतिकडे पाहून बोलला, तर ते बोलणे अमानत समजावे. पाठवलेला संदेश दोन मिनिटांत सर्वांसाठी पुसून टाकणे हे आजचे इकडेतिकडे पाहणे आहे. त्याआधीच त्याचा फोटो काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकणारा खियानत करतो. विचारणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, नवऱ्याच्या तक्रारी अकराजणींसमोर मांडल्या की त्या अकरा घरांत पोचतात.

आता विचारणाऱ्याच्या मनाकडे वळू. आपल्याकडे म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मराठीचा विद्यार्थी असताना मला ती फार आवडे. पुढे तिच्यातला धोका दिसू लागला: मन म्हणजे कोणते मन? नफ्सही मनच आहे. वाबिसा (रजि.) यांना प्रेषितांनी, लोक काहीही निवाडा देवोत, आपल्या हृदयाला विचार, असे सांगितले, पण त्या हृदयाची खूणही दिली, की नेकीने ते शांत होते आणि गुनाह त्यात खुपत राहतो. खुपणे ऐकू यावे लागते. अकरा उत्तरांच्या गलबल्यात ते ऐकू येत नाही, आणि मला शंका आहे की पुष्कळदा ऐकू येऊ नये म्हणूनच उत्तरे गोळा केली जातात.

उहुदच्या आधी, इ. स. 625 मध्ये, प्रेषितांचे मत मदीनेतच राहून लढावे असे होते. तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. त्यांनी तो मानला आणि चिलखत चढवले. तरुणांना पश्चात्ताप झाला, ते मत मागे घेऊ लागले; परंतु एकदा चढवलेले चिलखत आता उतरणार नाही, हे प्रेषितांनी त्यांना सांगितले. पुढे काय सोसावे लागले ते आपण जाणतो. त्यानंतर सूरह आले इमरानची 159 वी आयत आली. तिच्यात या लोकांना पुन्हा विचारू नका, असे नाही. त्यांना क्षमा करा, त्यांच्याशी मशवरा करा, आणि निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा, असे आहे. मशवरा आणि तवक्कुल यांच्या मधे एक पायरी आहे: अज्म, निश्चय. ती पायरी विचारणाऱ्याला एकट्याने चढायची आहे. बहुमत मोजून घेणारा तिथेच अडतो. निर्णय फसला तर तो म्हणेल, सगळ्यांनी सांगितले होते. हशरच्या दिवशी 'सगळे' नावाचा कोणी उभा राहणार नाही.

इस्तिखाऱ्याचेही आम्ही असेच करून टाकले आहे. जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषित आम्हाला कुरआनची सूरह शिकवावी तसे सर्व कामांत इस्तिखारा शिकवीत. शिकवीत, म्हणजे ज्याचे काम त्याने तो करावा म्हणून. मला मात्र संदेश येतात: "मौलाना, दोन स्थळे आहेत, इस्तिखारा काढून संध्याकाळपर्यंत कळवा." मी काही निकाल जाहीर करणारा निवडणूक अधिकारी नाही.

परंतु दोष तरुणांवर टाकून मला थांबता येत नाही, कारण ते आईचे वाक्य अजून तसेच आहे: मी दोन्ही नको म्हटले असते.

इ. स. 628 मध्ये हुदैबियाचा तह झाला. उमरा न करता परतायचे म्हणून सहाबा दुःखाने इतके सुन्न होते की कुर्बानी करून केस उतरवण्याचा आदेश तीनदा ऐकूनही कोणी उठेना. प्रेषित तंबूत गेले आणि पत्नी उम्मे सलमा (रजि.) यांना मनातले सांगितले. त्या म्हणाल्या, आपण बाहेर जा, कोणाशी एक शब्द बोलू नका, आपला उंट कुर्बान करा आणि न्हाव्याला बोलावून केस उतरवा. त्यांनी तसे केले आणि सारे लोक उठले. त्या सल्ल्यात कोणावर राग नाही, मी सांगत होते ना असा टोमणा नाही. त्यांनी दोन्ही बाजूंचे दुःख पाहिले आणि पुढचे एक पाऊल दाखवले. घरातला सल्ला असा असतो.

आपल्या घरांत काय होते? मुलाने प्रश्न विचारला की आपणही उलट प्रश्नच विचारतो, पण कोणते? कोणी शिकवले हे? कोणाच्या नादाला लागलास? लोक काय म्हणतील? द्राक्षवाला पान ओळखण्यासाठी विचारतो, आपण चोर पकडण्यासाठी. उत्तर देतो तेव्हा तो सल्ला नसतो, हुकूम असतो. आणि हुकूम मोडला तर महिनाभर अबोला. मलेशियाची मैत्रीण रुसत नाही. तिचे राखाडी ऐकले नाही तरी ती दुसऱ्या दिवशी तितक्याच प्रेमाने बोलते. मुलगी तिच्याकडे जाते ती ज्ञानासाठी नव्हे, या सुरक्षिततेसाठी जाते. हजरत उमर (रजि.) बद्रच्या ज्येष्ठांबरोबर तरुण इब्ने अब्बास (रजि.) यांना बसवीत आणि त्यांचे मत विचारीत. आपण आपल्या मुलांना शेवटचे कधी विचारले? त्यांच्या कामाबद्दल नव्हे, आपल्या कामाबद्दल.

हे मी त्या दुकानदारांना ईदनंतर बोललो. ते नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी जुम्याला भेटले तेव्हा डोळ्यांवर नवा चष्मा होता. मी विचारण्याआधीच म्हणाले, "पोरीला दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, तूच सांग कोणती फ्रेम घेऊ. मला वाटलं लगेच बोट दाखवेल. तर विचारते कशी, अब्बा, तुम्ही दिवसभर हिशेबाची वही खाली बघून लिहिता की गिऱ्हाइकाकडे वर बघता? पंधरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं."

"मग?"

"तिने सांगितली तीच घेतली. नाकावर नीट बसते." चष्मा काढून त्यांनी पुसला. "तिच्या अम्मीला मात्र पसंत नाही."